जुन्यांना अभय, नव्यांना कुंपण

जून २०१० च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील एटी अँड टी या बलाढ्य दूरध्वनी कंपनीने दोन निर्णय अमलात आणले. १ जूनपासून नव्याने करार करणाऱ्या स्मार्टफोनधारकाने दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी कंपनी सोडल्यास त्याला भरावा लागणारा दंड १७५ डॉलरवरून ३२५ डॉलरवर नेण्यात आला. त्यानंतर सहा दिवसांनी, ७ जूनला, महिना तीस डॉलरमध्ये हवे तितके इंटरनेट वापरू देणारी ‘अमर्याद’ योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. मात्र ज्यांनी ती आधीच घेतली होती, त्यांना ती पुढेही चालू ठेवण्याची मुभा मिळाली. एका निर्णयात दंड आहे आणि दुसऱ्यात औदार्य. परंतु हा दंड आणि हे औदार्य ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

तेरा महिन्यांनी, ७ जुलै २०११ रोजी, व्हेरायझन या दुसऱ्या मोठ्या कंपनीनेही तोच कित्ता गिरवला. नव्यांना मोजूनमापून डेटा आणि जुन्यांना जुनीच अमर्याद योजना. येथे एक साधा प्रश्न उभा राहतो. जी सवलत कंपनीला परवडत नाही म्हणून बंद केली, ती जुन्या ग्राहकांकडूनही का काढून घेतली नाही? नफ्याच्या एकेका पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या मक्तेदार भांडवलाला एकाएकी वचनपूर्तीची चाड कोठून आली? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील मोबाइल ग्राहकांपुरते मर्यादित नाही. एखादा सर्वांचा हक्क कोणाचाही एकत्रित विरोध होऊ न देता कसा संपवावा, याचे तंत्रच त्या उत्तरात दडलेले आहे. म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

तीस डॉलरचा हिशेब

जून २००७ मध्ये आयफोन बाजारात आला तेव्हा अमेरिकेत तो विकण्याचा एकाधिकार एटी अँड टीकडे होता. पुढच्या वर्षी आलेल्या नव्या नमुन्याबरोबर तीस डॉलरची अमर्याद डेटा योजना जोडलेली होती. त्या काळी हातातील फोनवर इंटरनेट वापरण्याची लोकांना सवय नव्हती. सवय लावायची तर मीटर पळताना दिसता कामा नये. ‘अमर्याद’ हा शब्द म्हणजे ती सवय लावण्यासाठी टाकलेले आमिष होते. दोन वर्षांत सवय जडली आणि आमिषाचे काम संपले.

योजना बंद करताना कंपनीने स्वतःच जे आकडे जाहीर केले, ते बोलके आहेत. तिच्या स्मार्टफोनधारक ग्राहकांपैकी ६५ टक्के ग्राहक महिन्याला सरासरी २०० एमबीपेक्षा कमी डेटा वापरत होते, आणि ९८ टक्के ग्राहक २ जीबीपेक्षा कमी. नव्या दरपत्रकात २०० एमबीला १५ डॉलर आणि २ जीबीला २५ डॉलर असे दर होते. आता साधे अंकगणित मांडून पाहावे. ज्याचा वापर २०० एमबीच्या आत आहे, तो जुन्या योजनेत राहिला तर महिन्याला १५ डॉलर, म्हणजे वर्षाला १८० डॉलर, विनाकारण अधिक भरतो. ज्याचा वापर त्याहून अधिक पण २ जीबीच्या आत आहे, तो वर्षाला ६० डॉलर अधिक भरतो. कंपनीला खरोखर जड जाणारे ग्राहक शंभरात दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या बाबतीत जुनी योजना चालू ठेवणे हा तोटा नव्हता. ती वरकमाई होती.

मग हे अठ्ठ्याण्णव ग्राहक स्वस्त योजनेकडे का वळत नाहीत? याचे कारण अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. दर वेळी मोजून पैसे देण्यापेक्षा ठरावीक रक्कम देऊन निश्चिंत राहणे माणसाला आवडते, मग ती रक्कम प्रत्यक्ष वापराच्या मानाने जास्त असली तरी. हा एक प्रकारचा विमाच आहे. महिनाअखेरीस अनपेक्षित बिल येण्याची धास्ती वाटू नये, यासाठी ग्राहक हप्ता भरतो. आणि जोवर दावे थोडे व हप्ते अनेक, तोवर विमा कंपनी जुन्या पॉलिसीधारकाला कशाला दूर करील?

परतीचा दोर कापलेला

परंतु निश्चिंतीचा मोह हे अर्धेच कारण झाले. योजना नव्यांसाठी बंद झाल्यामुळे तिला एक नवेच मोल चढले. तीतून बाहेर पडणे केव्हाही शक्य होते. पुन्हा आत येणे मात्र कधीही शक्य नव्हते. जोवर दुकान उघडे असते तोवर ग्राहक येतो-जातो. दार एकाच बाजूने उघडणारे झाले की आतला माणूस उंबरठा ओलांडायला धजत नाही. ‘एकदा सोडली तर पुन्हा मिळणार नाही’ ही भीती कोणत्याही दंडापेक्षा परिणामकारक असते. कंपनीला त्यासाठी एक डॉलरही खर्च करावा लागत नाही.

दूरध्वनीच्या धंद्यात ग्राहकाची गळती हा मोठा खर्च असतो. गेलेल्या ग्राहकाच्या जागी नवा आणायचा तर जाहिरात आली, विक्रेत्याचे कमिशन आले, आणि अमेरिकेतील त्या वेळच्या प्रथेप्रमाणे महागडा फोन अल्प किमतीत देण्यासाठी सोसावी लागणारी शेकडो डॉलरची झळ आली. जुना ग्राहक यापैकी काहीही मागत नाही. शिवाय कंपनीने आपण होऊन जुनी योजना रद्द केली असती, तर कराराच्या अटी ग्राहकाच्या अहिताच्या दिशेने बदलल्या, या कारणावरून लाखो ग्राहकांना दंड न भरता बाहेर पडण्याचा मार्ग खुला झाला असता, आणि प्रतिस्पर्धी कंपन्या दारातच उभ्या होत्या. जुनी योजना राखण्यात ग्राहकाची सोय अल्प आणि कंपनीची सोय अधिक होती, ती अशी.

व्हेरायझनने जून २०१२ मध्ये उचललेले पाऊल या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. सवलतीच्या किमतीत नवा फोन हवा असेल तर अमर्याद योजना सोडा. ती ठेवायची असेल तर फोन पूर्ण किंमत मोजून घ्या, असा पर्याय तिने जुन्या ग्राहकांपुढे ठेवला. वरवर पाहता हा सौदा सरळ वाटतो. वस्तुतः तत्कालीन मासिक आकारात फोनवरच्या सवलतीची वसुली आधीच धरलेली होती. ज्याने योजना राखली, त्याची सवलत गेली आणि मासिक आकार तेवढाच राहिला. हक्क राखल्याबद्दल जुन्या ग्राहकानेच कंपनीला खंडणी द्यावी, असा हा प्रकार होता.

आतून पोखरलेले वचन

फोनवरून चित्रफिती पाहण्याचे प्रमाण वाढले, तसा डेटाचा वापरही वाढला. तेव्हा कंपन्यांनी योजनेचे नाव राखले आणि तिचा आशय काढून घेतला. एटी अँड टीने २०११ पासून जुन्या अमर्याद ग्राहकांपैकी अधिक वापर करणाऱ्यांचा वेग आवळण्यास आरंभ केला. मार्च २०१२ मध्ये त्यासाठी निश्चित मर्यादा जाहीर झाली: थ्रीजी फोनवर महिन्याला ३ जीबी आणि एलटीईवर ५ जीबी. त्या रेषेपलीकडे इंटरनेट ‘चालू’ राही; पण चित्रफीत उलगडत नसे, नकाशा उमटत नसे. आता योगायोग पाहावा. त्याच वर्षीच्या जानेवारीत कंपनीने नव्या ग्राहकांसाठी ३ जीबीची योजना ३० डॉलरला काढली होती. म्हणजे थ्रीजी फोनधारकाच्या बाबतीत जुन्या ग्राहकाचे तीस डॉलर आणि नव्याचे तीस डॉलर यांत व्यवहारतः फरक उरला नव्हता. एकाच्या बिलावर ‘अमर्याद’ हा शब्द छापलेला होता, एवढेच.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. किमान ३५ लाख ग्राहकांचा वेग अडीच कोटींहून अधिक वेळा कमी करण्यात आला आणि काही प्रसंगी तो ८० ते ९० टक्क्यांनी घटला, असा कमिशनचा आरोप होता. यावर कंपनीने जो बचाव केला तो उद्बोधक आहे. वेग आवळला नाही, असे तिचे म्हणणे नव्हते. आपण सार्वजनिक वाहकाच्या कायदेशीर दर्जात मोडतो, सबब या कमिशनला आपल्याविरुद्ध दावा करण्याचा अधिकारच नाही, असे तिचे म्हणणे होते. अपील न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये ते मान्य केले. त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ते फेटाळले. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये सहा कोटी डॉलरवर तडजोड झाली. ३५ लाखांनी भागले तर दरडोई जेमतेम सतरा डॉलर! म्हणजे अर्ध्या महिन्याच्या आकाराहून किंचित अधिक रक्कम, आणि तीही आठ वर्षांनी.

ग्राहकांनी स्वतः एकत्र येऊन न्यायालयात का जाऊ नये, असे कोणी विचारील. ते दार एप्रिल २०११ मध्येच बंद झाले होते. फोन ‘फुकट’ म्हणून देऊन त्यावर तीस डॉलरचा कर वसूल केल्याच्या एका तक्रारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी याच कंपनीच्या बाजूने कौल दिला, आणि ग्राहकाने सामूहिक दावा न करता एकट्यानेच लवादापुढे जावे, हे करारातील कलम वैध ठरविले. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका ग्राहकाने वेग आवळल्याबद्दल लघुवाद न्यायालयात एकट्याने झगडून ८५० डॉलर मिळविले, हे खरे. परंतु एकाने ८५० डॉलर मिळवावेत आणि लाखोंनी मुकाट बसावे, हीच तर व्यवस्थेची अपेक्षा असते.

ज्यांचा वेग आवळला नाही, त्यांचे दर वाढले. व्हेरायझनने नोव्हेंबर २०१५ मध्ये जुन्या अमर्याद योजनेचा आकार वीस डॉलरने चढविला. एटी अँड टीने २०१६ मध्ये तीसचे पस्तीस आणि २०१७ मध्ये पस्तीसचे चाळीस केले. २०१६ च्या उन्हाळ्यात तर व्हेरायझनने महिन्याला १०० जीबीहून अधिक वापर करणाऱ्या जुन्या ग्राहकांना ३१ ऑगस्टपर्यंत मर्यादित योजना घ्या, नाहीतर सेवा बंद होईल, असे बजावले. ज्या दिवशी विमाधारक खरोखर दावा करू लागतो, त्या दिवशी औदार्य कसे संपते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

टंचाई किती खरी?

कंपन्यांचा एक युक्तिवाद मात्र निष्पक्षपणे तपासला पाहिजे. स्पेक्ट्रम मर्यादित आहे, एका मनोऱ्यावरून एका वेळी ठरावीक लोकांनाच पुरेसा वेग मिळू शकतो, आणि काही थोड्यांनी अतिवापर केला तर बाकीच्यांची अडचण होते, असे त्या सांगतात. यात तथ्य आहे. गर्दीच्या वेळी, गर्दीच्या ठिकाणी ही टंचाई खरी असते. परंतु मध्यरात्री रिकाम्या मनोऱ्यावरून वाहणाऱ्या जादा डेटाचा कंपनीला पडणारा खर्च जवळजवळ शून्य असतो. टंचाई वेळेची आणि जागेची असताना मर्यादा महिन्याच्या एकूण वापरावर घातली जाते. तहान दुपारी लागते म्हणून रात्रीचे पाणी मोजण्यासारखे हे झाले. असे मोजमाप गर्दी कमी करण्याचे साधन म्हणून कुचकामी आहे. ग्राहकाच्या ऐपतीनुसार त्याच्याकडून जास्तीत जास्त वसूल करण्याचे साधन म्हणून मात्र ते उत्तम आहे.

टंचाई अटळ नव्हती, हे पुढे इतिहासानेच दाखविले. मार्च २०११ मध्ये एटी अँड टीने टी-मोबाइल ही प्रतिस्पर्धी कंपनी गिळंकृत करण्याचा घाट घातला होता. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने दावा दाखल केला आणि डिसेंबरमध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. टी-मोबाइल स्वतंत्र राहिली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तिने अमर्याद योजना हाच आपला मुख्य माल केला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, व्हेरायझनने अमर्याद योजना सर्वांसाठी पुन्हा विक्रीस ठेवली आणि एटी अँड टीही मागे राहिली नाही. मधल्या वर्षांत तंत्रज्ञान सुधारले, क्षमता वाढली, हे मान्य. परंतु तंत्रज्ञान एका हिवाळ्यात पालटत नाही. धंद्यातील धास्ती पालटते. नव्या अमर्याद योजनेतही ठरावीक वापरानंतर गर्दीच्या वेळी वेग कमी करण्याची तरतूद राहिलीच. ‘अमर्याद’ हा शब्द परत आला, तो त्याचा जुना अर्थ बरोबर घेऊन आला नाही.

आजोबांचे कलम

जुन्यांना नव्या नियमातून वगळण्याच्या या रीतीला अमेरिकन इंग्रजीत ‘आजोबां’वरून पडलेले नाव आहे. त्या नावाचा इतिहास फारसा आल्हाददायक नाही. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. तेव्हा दक्षिणेकडील राज्यांनी साक्षरतेच्या आणि मालमत्तेच्या अटी घातल्या. पण त्या अटींनी गरीब व निरक्षर गोरेही मताला मुकले असते. म्हणून १८९८ मध्ये लुइझियाना राज्याने तोड काढली: १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला मताधिकार होता, त्याला आणि त्याच्या मुलानातवांना या अटी लागू नाहीत. त्या तारखेला तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता, हे सांगावयास नकोच. हे ‘आजोबांचे कलम’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या खटल्यात घटनाबाह्य ठरविले. कलम गेले, शब्द राहिला आणि तंत्रही राहिले.

मताधिकार आणि मोबाइलची योजना यांना एका तागडीत तोलण्याचा येथे उद्देश नाही. परंतु तंत्राचे सूत्र एकच आहे. सर्वांवर एकदम घाव घातला तर सर्व एकत्र उठतील. म्हणून ज्यांचा आवाज आज ऐकू येतो त्यांना वगळावे, आणि जे उद्या येणार आहेत, ज्यांना आज तोंडच नाही, त्यांच्यावर घाव घालावा. जुन्या ग्राहकाला तक्रार राहात नाही, कारण त्याचे काहीच गेलेले नसते. नव्याला तक्रार सुचत नाही, कारण त्याच्याजवळ ते कधी नव्हतेच. पुढे जुने संख्येने घटत जातात; मग त्यांचा वेग आवळला, दर वाढविला, तरी नव्यांना त्यांचे दुःख वाटत नाही. उलट, ‘यांनाच का म्हणून विशेष लाभ?’ असे नवेच विचारू लागतात. हक्काचे रूपांतर विशेषाधिकारात झाले, की तो काढून घेण्यास समाजाचीच संमती मिळते.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन?

भारतात याच नाटकाचा वेगळा प्रयोग झाला. डिसेंबर २००५ पासून मोबाइल कंपन्यांनी ‘लाइफटाइम’ योजना विकावयास काढल्या. एकदाच सुमारे हजार रुपये भरावेत आणि आयुष्यभर येणारे फोन घेत राहावे, अशी ती योजना होती. रिक्षाचालक, सुतार, नळजोडणी करणारे कारागीर, घरकाम करणाऱ्या बाया अशा असंख्य कष्टकऱ्यांना, ज्यांना काम फोनवरूनच मिळते, हा मोठा आधार वाटला. गावाकडून मिस्ड कॉल द्यावा आणि शहरातल्या मुलाने उलट फोन करावा, ही रीत त्यातूनच घरोघर रुजली. ‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला, आणि ग्राहकाचे नव्हे तर कंपनीच्या परवान्याचे, असा खुलासा ट्रायने २००६ मध्ये केला.

तेरा वर्षे ही योजना का टिकली? दानत म्हणून नव्हे. येणाऱ्या प्रत्येक फोनसाठी फोन करणाऱ्याच्या कंपनीने फोन घेणाऱ्याच्या कंपनीला काही पैसे द्यावेत, असा नियम होता. २०१५ पासून मोबाइलच्या बाबतीत तो दर मिनिटाला १४ पैसे होता. म्हणजे जो ग्राहक केवळ फोन घेतो, त्याच्यामुळेही कंपनीच्या तिजोरीत पैसे पडत होते. १ ऑक्टोबर २०१७ पासून हा दर १४ वरून ६ पैशांवर आला, आणि १ जानेवारी २०२१ पासून तो शून्य झाला. दरम्यान ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट सेवा देऊन सगळा बाजार उलथून टाकला होता. येणाऱ्या फोनचे उत्पन्न आटले, आणि वर्षभरातच, २०१८ च्या अखेरीस, जुन्या कंपन्यांनी २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे केले. ज्यांच्या खात्यात पुरेसे पैसे शिल्लक आहेत त्यांची सेवा तोडू नका, असे ट्रायला नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगावे लागले. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाचे महिने तेरा होतात. वर्षाला ४५५ रुपये, तेही आयुष्यभराचे पैसे एकदा भरून झाल्यावर! ‘आजीवन’ हा शब्द एका हिवाळ्यात इतिहासजमा झाला.

अमेरिकेतील जुना ग्राहक राहिला आणि भारतातील जुना ग्राहक गेला, या दोहोंत विसंगती नाही. दोन्हीकडे नियम एकच: जुन्या ग्राहकाचा हक्क जोवर कंपनीला लाभाचा, तोवर तो वचन, लाभ संपला की तो बोजा.

चळवळीला धडा

ही युक्ती केवळ दूरध्वनी कंपन्यांची नाही. १ जानेवारी २००४ पासून सेनादले वगळता केंद्र सरकारच्या सेवेत येणाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. महाराष्ट्रात हीच तारीख १ नोव्हेंबर २००५ ही आहे. जे आधी लागले त्यांना हमीचे निवृत्तिवेतन, जे नंतर लागले त्यांचा वाटा शेअर बाजाराच्या स्वाधीन. त्या वेळी ज्यांच्या हाती संघटना होत्या त्यांचे काहीच जात नव्हते, आणि ज्यांचे जाणार होते ते अजून शाळा-कॉलेजात होते. म्हणूनच एवढा मोठा घाव मोठ्या संघर्षाशिवाय बसला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेसाठी आठवडाभर संप केला, तेव्हा सतरा वर्षांहून अधिक काळ उलटून गेला होता. अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेनेही २००७ च्या करारात नव्या कामगारांना जवळजवळ निम्मे वेतन देणारी दुहेरी रचना स्वीकारली. ती बव्हंशी मोडण्यासाठी तिला २०२३ च्या सप्टेंबरात संपावर उतरावे लागले. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, एकच काम करणारे दोन कामगार वेगवेगळे वेतन घेऊन घरी जातात, तेव्हा मालकाला संघटना फोडण्यासाठी वेगळे श्रम घ्यावे लागत नाहीत.

दूरसंचाराच्या क्षेत्रात तातडीने करण्याजोग्या गोष्टी आहेत. ‘अमर्याद’ हा शब्द ज्या योजनेवर छापला, तिचा वेग किती वापरानंतर किती उतरेल, हे त्याच आकाराच्या अक्षरांत सांगणे बंधनकारक झाले पाहिजे. कोणतीही योजना बंद करताना किंवा तिचा आशय बदलताना नियामकापुढे जाहीर सुनावणी झाली पाहिजे, आणि तीत आजच्या ग्राहकांबरोबर उद्याच्या ग्राहकांचाही विचार झाला पाहिजे. प्रयत्न केल्यास फळ मिळते, याचीही उदाहरणे आहेत. प्रत्येक कंपनीने निदान एक योजना तीस दिवसांची ठेवावी, असे ट्रायने २०२२ च्या जानेवारीत ठरविले. ज्याला इंटरनेट नको त्याला केवळ बोलण्यापुरते रिचार्ज मिळावे, असा नियम डिसेंबर २०२४ मध्ये केला. दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि समान हित असलेल्या अनेक ग्राहकांना एकत्र तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. अमेरिकेतील ग्राहकाला जे हत्यार नाकारले गेले, ते येथे हाती आहे. ते गंजू देणे हा आपल्याच पायावर धोंडा ठरेल. आणि सार्वजनिक क्षेत्रातील बीएसएनएल दुबळी करून, सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांना जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्तीच्या वाटेने घरी पाठवून, दोन-तीन खाजगी कंपन्यांच्या हाती सारा बाजार सोपविल्यावर दर कोण रोखणार, हा प्रश्नही कार्यकर्त्यांनी गावोगाव विचारला पाहिजे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा धडा चळवळीच्या अंतरंगाशी निगडित आहे. ‘जे आज आहेत त्यांचे काहीही जाणार नाही’ हे वाक्य वाटाघाटींच्या टेबलावर ज्या क्षणी उच्चारले जाते, त्या क्षणी कामगार प्रतिनिधीच्या मनात धोक्याची घंटा वाजली पाहिजे. ते वाक्य ऐकून हायसे वाटणे स्वाभाविक आहे. सभासदांना तोंड दाखविणे त्याने सोपे होते, हेही खरे. पण त्या सह्यांची किंमत जे अद्याप दाराबाहेर उभे आहेत ते मोजतात, आणि काही वर्षांनी आतले लोक मूठभर उरले की तीच किंमत त्यांच्याकडूनही वसूल होते. व्हेरायझनच्या जुन्या ग्राहकाला २०११ मध्ये वाटले होते की आपण सुटलो. २०१५ मध्ये त्याचे बिल वीस डॉलरने वाढले तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला कोणी उरले नव्हते. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी जो लढत नाही, तो स्वतःसाठीही फार काळ लढू शकत नाही.